थूल मॅडमचा शॉवर

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपत्कालीन शॉवर बसला मंगळवारी, आणि तपासणी समिती येणार होती गुरुवारी. मधल्या बुधवारी पौर्णिमाबाई थूल विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये तीनदा जाऊन आल्या. शॉवर एकदा चालवून पाहावा, खाली मोठा टब ठेवावा, दांडा कसा ओढायचा आणि पाणी थांबवायला तो परत वर कसा ढकलायचा हे सगळ्यांना दाखवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. डॉ. विवेक कडव्यांनी तिन्ही वेळा मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिन्ही वेळा बाईंना कळलं नाही.

वर्ध्याहून सेलूकडे जाताना विद्यापीठाचं हे संशोधन केंद्र लागतं. बैठी इमारत, पुढं वाहनतळ, मागं एक भलं मोठं कडुनिंब. पौर्णिमाबाई तिथं अठरा वर्षं प्रयोगशाळा सहायक होत्या. राहायला बोरगाव मेघेला. स्वभावानं शांत, कामाला चोख, फक्त एक खोड होती. कुठंही गेल्या तरी आधी दुसरं दार कुठं आहे ते पाहायच्या. सख्ख्या भाचीच्या मंगल परिणयाच्या वेळी त्यांनी स्टेजमागं ठेवलेली गॅसची सिलिंडरं हलवायला लावली होती, आणि ती हलेपर्यंत नवरानवरी हार हातात घेऊन उभे होते. भाचीनं माफ केलं. भाचीच्या सासूनं अजून केलेलं नाही.

ही खोड त्यांना हौसेनं लागली नव्हती. सहा वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीच्या हातावर ॲसिड उडालं. नेमकं त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. पौर्णिमाबाईंनी व्हरांड्यातल्या माठातून ग्लासाग्लासानं पाणी काढून तिच्या हातावर ओतलं. माठ संपला, तरी त्या ओतायला अजून पाणी शोधत होत्या. मुलगी बरी झाली, हातावर कोपरापर्यंत डाग राहिला. त्या वर्षापासून बाई प्रयोगशाळेत घडलेलं सगळं एका वहीत लिहून ठेवत आणि दर जूनमध्ये शॉवरसाठी एक अर्ज करत. पाच अर्जांना उत्तर आलं नाही. सहाव्याला आलं, कारण तोवर समितीचं पत्रही आलं होतं.

अर्जांना कंटाळून कडवे सरांनी गेल्या वर्षी बाईंना सुरक्षा प्रभारी करून टाकलं होतं. आदेशाचा मसुदा कुठल्याशा मोठ्या संस्थेच्या आदेशावरून जसाच्या तसा उतरवलेला होता. त्यात एक वाक्य होतं: 'आपत्कालीन परिस्थितीत प्रभारींच्या सूचना पदाचा विचार न करता सर्वांवर बंधनकारक राहतील.' सरांनी त्यावर न वाचता सही केली होती. बाईंनी ते वाक्य पाठ केलं होतं.

तेव्हापासून त्यांच्या गळ्यात एक शिट्टी आली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या ती वाजवत, आणि सगळ्यांनी समोरच्या दारानं बाहेर पडून मागच्या कडुनिंबाखाली रांगेत उभं राहायचं असा नेम होता. संशोधक विद्यार्थी हसत हसत जात. कडवे सर त्या वेळी नेमके फोनवर असत. शिपाई जंगलूभाऊ मडावी मात्र पहिले पोचत, कारण झाडाखाली सावली असे.

गुरुवारचा दिवस एप्रिलचा होता आणि सकाळी दहालाच बाहेर पाहवत नव्हतं. समिती बाराला येणार होती. मागच्या वेळी समितीनं सुरक्षेबद्दल वाईट शेरा मारला होता. या वेळी पुन्हा तसाच शेरा आला तर केंद्राची संशोधनाची मान्यताच जाणार होती. मान्यता गेली की सोनमसारख्या नऊ संशोधक विद्यार्थ्यांची तीन-तीन वर्षांची मेहनत लटकली असती. त्यामुळं कडवे सर सकाळपासून इस्त्रीच्या सुटात आणि भलत्याच उत्साहात होते. त्यांनी फर्मान काढलं की टेबलांवर एकही बाटली दिसता कामा नये. विद्यार्थ्यांनी तासाभरात झाडून सगळ्या बाटल्या उचलल्या आणि शेजारच्या भांडारात नेऊन ठेवल्या. कपाटं आधीच भरलेली होती. म्हणून त्या जमिनीवर ठेवल्या, ओळीनं, अगदी नीट.

पौर्णिमाबाई तेव्हा वाळूच्या बादल्या भरून घेत होत्या. त्यांना हे कळलं तेव्हा त्या भांडारात गेल्या आणि त्यांनी एकेक ओळ पाहिली. ॲसिडच्या शेजारी स्पिरिट, स्पिरिटच्या शेजारी सोडियमची बरणी. सोडियम हा धातू असा की पाणी लागलं की पेट घेतो, म्हणून तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. त्यातून या बरणीचं झाकण तडकलेलं होतं, आणि ते बदलून मिळावं म्हणून बाईंनी लिहून दिलं होतं. त्यांनी सरांना सांगितलं की हे सगळं आत्ताच्या आत्ता पुन्हा जागच्या जागी लावायला हवं. सर म्हणाले की समिती गेली की लावू, भांडारात कोण पाहतं.

साडेदहाला सरांना शॉवरची आठवण झाली. समितीपुढं तो आपणच चालवून दाखवायचा असं त्यांनी ठरवलं होतं, तेव्हा एकदा हात बसवावा म्हणून ते छत्री उघडून त्याच्या खाली उभे राहिले. पौर्णिमाबाई टब आणायला धावल्या. टब येईपर्यंत सरांनी दांडा ओढला होता.

शॉवर अप्रतिम चालला. हे मान्य करायलाच हवं. गच्चीवरच्या पाच हजार लिटरच्या टाकीतून पाणी असं कोसळलं की सरांची छत्री पहिल्या सेकंदाला उलटी झाली. सर बाहेर उडी मारून आले आणि पाणी थांबायची वाट पाहू लागले. पाणी थांबलं नाही. ते थांबतच नसतं. अंगावर ॲसिड पडलेल्या माणसाला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून दांडा एकदा खाली आला की पाणी चालू राहतं, आणि बंद करायला तो वर ढकलावा लागतो. हेच बाई बुधवारी तीनदा सांगायला गेल्या होत्या. सरांना वाटलं, संडासाच्या साखळीसारखं हेही पुन्हा ओढलं की बंद होईल. त्यांनी पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी लोंबकळून ओढला. कट्कन आवाज झाला आणि दांडा त्यांच्या हातात आला.

"थूल मॅडम," सर दांड्याकडं पाहत म्हणाले, "हा निघाला."

शॉवरखाली पाणी वाहून जायला मोरी नव्हती. बांधकामवाल्यानं ती काढली नव्हती, कारण इथं कोण रोज आंघोळ करणार आहे, असं त्याचं म्हणणं पडलं होतं. पाणी फरशीवर पसरलं, क्षणभर थांबलं आणि मग उतार सापडून एका दिशेनं चालू लागलं. पौर्णिमाबाईंनी त्या दिशेला पाहिलं. तिकडं भांडार होतं.

सगळं पाणी गच्चीवरच्या एका व्हॉल्व्हनं बंद होत होतं, आणि गच्चीच्या दाराला कुलूप होतं. किल्ली भांडारपाल भैयाजींकडं. भैयाजी सकाळीच समितीला वाट दाखवायला सेलूच्या चौकात जाऊन उभे राहिले होते. बाईंनी फोन लावला.

"भैयाजी, गच्चीची किल्ली कुठं आहे?"

"माह्या खिशात," भैयाजी हळू आवाजात म्हणाले. "एकदम सेफ आहे. तुम्ही टेन्शन नोका घेऊ."

"आणि मागच्या आपत्कालीन दाराची?"

"तेबी माह्याच खिशात. साऱ्याच किल्ल्या आहेत. पाहुणे टायमाच्या आधीच आले, च्या पिऊन राह्यले. कप ठेवला का निघतोच."

बाईंनी फोन ठेवला. आणि लगेच शिट्टी तोंडात धरली.

लांब एक फुंकर मारून त्या आधी विजेच्या मुख्य बटणाकडं गेल्या आणि ते खाली पाडलं. पंखे थांबले, दिवे गेले, विजेवरची घंटा वाजवायचा प्रश्नच मिटला. मग त्यांनी पुन्हा शिट्टी फुंकली, तीनदा. पहिल्या सोमवारची सवय अशी असते की माणसं विचार न करता उठतात. विद्यार्थी उठले, पुढच्या दारानं निघाले, आणि अर्ध्या वाटेवर एकाच्या लक्षात आलं की आज सोमवार नाही. तो धावायला लागणार तेवढ्यात बाई म्हणाल्या की चालत जा, फरशी ओली आहे. तो चालत गेला. सोनमच्या हातात त्यांनी हजेरीचा कागद दिला आणि झाडाखाली एकेकाचं नाव घ्यायला सांगितलं.

जंगलूभाऊ मात्र गेले नव्हते. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. गावाकडं तीन एकरांत ते भाजी घेत आणि ओलिताचं पाणी वळवण्यात त्यांचा हात बसलेला होता. ते पाण्याकडं पाहत उभे होते, जसे शेतात उभे राहत असतील तसे.

"ताई, हे पाणी थांबत नाई आता," ते म्हणाले. "याले वाट करून द्या लागते. मांगचं दार खोलता काय?"

मागच्या दाराची किल्ली सेलूत चहा पीत होती. जंगलूभाऊंनी कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलली. तेवढ्यात कडवे सर आडवे आले. त्यांच्या सुटातून धारा लागल्या होत्या आणि हातात अजून दांडा होता.

"दार तोडायला लेखी परवानगी लागते," ते म्हणाले. "ही विद्यापीठाची मालमत्ता आहे. उद्या चौकशी लागली तर मी काय सांगू?"

पौर्णिमाबाईंनी अठरा वर्षांत सरांपुढं आवाज चढवला नव्हता. तो त्यांनी आताही चढवला नाही. उलट एक पट्टी खालीच आणला.

"सर, ही आपत्कालीन परिस्थिती आहे. आणि अशा वेळी प्रभारींच्या सूचना पदाचा विचार न करता सर्वांवर बंधनकारक आहेत. आदेशावर तुमचीच सही आहे. तुम्ही आता कडुनिंबाखाली जा."

"मी?"

"रांगेत. चोविसावा नंबर तुमचा."

आपण अशा काही कागदावर सही केली असेल, यावर सरांचा लगेच विश्वास बसला. ते अशा पुष्कळ कागदांवर सही करत. ते निघाले. निदान पौर्णिमाबाईंना तसं वाटलं.

जंगलूभाऊंनी सब्बलेनं दोन तडाख्यांत कुलपाची कडी उपटली. दार उघडलं आणि एप्रिलचं ऊन आत आलं. मग त्यांनी वाळूच्या बादल्या उचलल्या. खुंटीवरचे प्रयोगशाळेचे सुती कोट ओढले, त्यांच्या गुंडाळ्या केल्या, भांडाराच्या उंबऱ्यापुढं टाकल्या आणि त्यावर वाळू दाबून वीतभर उंचीचा बांध घातला. पाणी बांधाला येऊन भिडलं, जरा रेंगाळलं, आणि जंगलूभाऊंनी एका हातानं वाळूची एक लहानशी रेघ ओढून त्याला दाराकडं वळवलं. पाणी वळलं. दोन पायऱ्या उतरून ते थेट मागच्या लिंबोणीच्या झाडांच्या आळ्यांत गेलं. त्या लिंबोणींनी फेब्रुवारीपासून पाणी पाहिलं नव्हतं.

पण बांध पडायच्या आधीच थोडं पाणी भांडारात शिरलं होतं. नखभर, फार नाही. त्या नखभर पाण्यात ओळीनं सगळ्या बाटल्या उभ्या होत्या, आणि तिसऱ्या ओळीत सोडियमची बरणी.

पौर्णिमाबाईंनी चष्मा चढवला, हातमोजे घातले, साडीचा पदर खोचला. एक बादली त्यांनी कोरड्या वाळूची राखून ठेवली होती. ती जंगलूभाऊंच्या हातात दिली आणि त्यांना उंबऱ्यापाशीच उभं राहायला सांगितलं. काही झालं तर वाळूच टाकायची, पाणी नाही. जंगलूभाऊ म्हणाले की पाणी आता कोणी सांगितलं तरी टाकणार नाही.

बाई आत गेल्या. त्यांना प्रत्येक बाटली कुठं आहे हे माहीत होतं, तरी प्रत्येक पाऊल त्या पाहून टाकत होत्या. घरून निघताना मुलीनं डब्यात लोणचं जास्त घातलं होतं, त्याबद्दल आपण तिला बोललो, हे त्यांना उगाच आठवलं. त्यांनी दोन्ही हातांनी बरणी खालून धरून उचलली. बरणी वर आली आणि तडकलेल्या झाकणाच्या कडेला चिकटलेला, तुरीच्या दाण्याएवढा एक तुकडा सुटून खाली पाण्यात पडला.

तो दाणा पाण्यावर सुर्र करत पळाला. गोल गोल फिरला, भिंतीला जाऊन टेकला, पिवळा झाला आणि फाट्कन फुटला. आवाज दिवाळीतल्या लवंगी फटाक्याएवढा होता. पण बंद खोलीत तो चांगलाच मोठा वाटला. बरणीत अशा दाण्यांचं पाव किलो होतं.

बाई हलल्या नाहीत. हलायचं नसतं, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. मग त्या एकेक पाऊल टाकत उंबऱ्याशी आल्या, बांध ओलांडला आणि बरणी कोरड्या वाळूच्या बादलीत अलगद बसवली. जंगलूभाऊंनी बादली बाहेर नेली, झाडापासून पन्नास पावलं लांब उन्हात ठेवली आणि तिच्याजवळ कोणी जाऊ नये म्हणून भोवती चार विटा मांडल्या. बाईंनी घड्याळ पाहिलं. शिट्टीपासून अकरा मिनिटं झाली होती. त्यांना आता कुठं श्वास पुरा घेता आला.

झाडाखाली सोनम हजेरी घेऊन उभी होती. चोवीसपैकी तेवीस हजर होते.

"सर नाहीत," ती म्हणाली. "आलेच नाहीत इकडं."

पौर्णिमाबाई आणि जंगलूभाऊ पुन्हा आत गेले. कडवे सर केबिनमध्ये सापडले. ते रांगेत उभं राहायला निघाले होते खरे, पण वाटेत त्यांना समितीपुढं दाखवायचं सादरीकरण आठवलं; ते लॅपटॉपमध्ये होतं आणि लॅपटॉप टेबलावर. ते त्यासाठी आत शिरले आणि तेवढ्यात भांडारातून तो फाट्कन आवाज आला. पाणी लागलं की स्फोट होतो, एवढंच त्यांना त्या क्षणी आठवलं. आणि केबिनमध्ये पाणी आलेलं होतं. आता रसायनशास्त्राच्या डॉक्टरला नुसत्या पाण्याची भीती वाटायचं कारण नाही. पण भीती पदव्या पाहून येत नाही. सर टेबलावर चढून बसले होते. पाय पोटाशी, लॅपटॉप छातीशी.

बाईंनी त्यांना समजावलं की हे साधं पाणी आहे, सोडियम बाहेर गेलं, वीज बंद आहे. सरांना ते पटलं. पटूनही ते खाली उतरेनात. शेवटी जंगलूभाऊ टेबलाकडं पाठ करून उभे राहिले आणि गुडघ्यांत जरा वाकले.

"या सर," ते म्हणाले. "माह्या आज्याले असंच नाल्यापार नेलतं."

नेमकी त्याच वेळी समितीची गाडी फाटकात आली होती. पुढं सगळं सामसूम, दिवे बंद, दारात कोणी नाही. भैयाजींनी घाईघाईनं पाहुण्यांना मागच्या बाजूला आणलं. तिथं समितीच्या अध्यक्षबाईंना जे दिसलं ते असं: कडुनिंबाखाली दोन ओळींत उभी असलेली माणसं, त्यांच्यापुढं हातात कागद घेतलेली एक मुलगी, आपत्कालीन दारातून लिंबोणींकडं शहाण्यासारखं वाहणारं पाणी, आणि त्या पाण्यातून एका शिपायाच्या पाठुंगळी बसून बाहेर येणारे, सुटातले, चिंब भिजलेले, एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात शॉवरचा दांडा धरलेले विभागप्रमुख.

जंगलूभाऊंनी त्यांना झाडाखाली उतरवलं. सोनमनं कागदावर खूण केली आणि म्हणाली, "चोवीस."

"हजर," सर म्हणाले. सवय नसतानाही त्यांच्या तोंडून ते आपोआप निघालं.

भैयाजी गच्चीकडं पळाले. थोड्या वेळानं पाण्याचा आवाज थांबला आणि सगळीकडं फार शांत झालं. अध्यक्षबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी हसणाऱ्या होत्या. त्यांनी सरांकडं पाहिलं, जंगलूभाऊंकडं पाहिलं आणि विचारलं की हा बचावाचा सराव आमच्यासाठी ठेवला होता का. कडवे सरांच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. हो म्हटलं की सगळं निभावत होतं. त्यांनी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि मग का कोण जाणे, पौर्णिमाबाईंकडं पाहिलं.

बाईंनाही मोह झाला. तो त्यांनी पुढं कबूल केला. तीन सेकंदांचा मोह. समोर सोनम होती, तिची तीन वर्षं होती, बाकीच्या आठ जणांची होती. खरं सांगितलं तर ती सगळी वाहून जातील असं त्यांना वाटलं. पण सहा वर्षं ज्या वहीत त्या खरं तेच लिहीत आल्या, ती त्यांच्या काखेत होती.

"नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "सराव नव्हता. खरंच झालं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जमिनीवरच्या बाटल्या, न काढलेली मोरी, सेलूला गेलेल्या किल्ल्या, तोडलेली कडी, भांडारातला आवाज. दांडा कोणी ओढला हे सांगायची वेळ आली तेव्हा त्या जरा थांबल्या. तेवढ्यात कडवे सरच पुढं झाले.

"तो मी ओढला," ते म्हणाले. "दोनदा. मॅडम बुधवारी सांगायला आल्या होत्या, मी ऐकलं नाही."

हे म्हणताना त्यांच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं, पण माणूस एकदम बरा दिसला. पौर्णिमाबाईंना सरांबद्दल अठरा वर्षांत पहिल्यांदा आपुलकी वाटली.

अध्यक्षबाईंनी वही मागितली. पानं उलटली. माणसं बाहेर पडायला किती वेळ लागला ते विचारलं. बाईंनी सांगितलं, तीन मिनिटं चाळीस सेकंद. सर धरले तर अठरा मिनिटं.

"मी आजवर चाळीसेक केंद्रांचे सराव पाहिले," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सगळीकडं लोक कॅमेऱ्याकडं पाहून हसत बाहेर येतात. पाय ओले झालेली माणसं आज पहिल्यांदा पाहिली."

त्या दिवशी सादरीकरण झालंच नाही. अध्यक्षबाईंनी चप्पल हातात घेतली आणि अनवाणी सगळी प्रयोगशाळा फिरून पाहिली. जंगलूभाऊंच्या बांधापाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. जाताना त्यांनी मोरी, किल्ल्या आणि बाटल्यांबद्दल सतरा सूचना लिहून दिल्या आणि त्या पंधरा दिवसांत पुऱ्या करायला सांगितलं. बाराव्या दिवशी सतराही पुऱ्या झाल्या होत्या. मोरीच्या कामावर कडवे सर स्वतः उन्हात उभे राहिले. मे महिन्याच्या शेवटी अहवाल आला. मान्यता पाच वर्षांसाठी मिळाली होती. सोनमनं सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले.

अहवालासोबत आणखी एक पत्र होतं. विद्यापीठाच्या इतर केंद्रांत आणि महाविद्यालयांत याच प्रकारचं प्रशिक्षण द्यावं असं समितीनं सुचवलं होतं, आणि विद्यापीठानं ते मानलं होतं. प्रशिक्षक म्हणून दोन नावं होती: श्रीमती पौर्णिमा थूल आणि श्री. जंगलू मडावी. जंगलूभाऊंनी पत्र दोनदा वाचून घेतलं. मग त्यांनी विचारलं की प्रोफेसर लोकांना मी काय शिकवणार. बाई म्हणाल्या की वाळू कशी टाकायची ते. जंगलूभाऊ म्हणाले की मग ठीक आहे, तेवढं त्यांना येत नसेल.

कडवे सरांचं नाव पत्रात नव्हतं. ते स्वतःहून म्हणाले की दांड्याचा भाग मी सांगतो, माझ्याइतका तो कोणाला कळलेला नाही.

पहिलं प्रशिक्षण जूनमध्ये अल्लीपूरकडच्या एका महाविद्यालयात झालं. तीस-पस्तीस प्राध्यापक वह्या घेऊन बसले होते. जंगलूभाऊंनी फरशीवर वाळूचा बांध घालून दाखवला आणि उतार कसा ओळखायचा ते सांगितलं. एका प्राध्यापकानं बांधाची उंची कुठल्या सूत्रानं काढली असं विचारलं. जंगलूभाऊंनी हाताची वीत दाखवली, आणि सगळ्यांनी वहीत वीत लिहून घेतली. नंतर कडवे सरांनी स्वतःची सगळी फजिती इतकी रंगवून सांगितली की लोक हसून हसून रडले, आणि दांडा वर ढकलायचा असतो हे मात्र कोणीही कधी विसरणार नाही अशा रीतीनं त्यांच्या डोक्यात बसलं.

शेवटी प्रात्यक्षिक. त्या महाविद्यालयात चार वर्षांपूर्वी बसवलेला शॉवर होता, चकचकीत, रोज पुसलेला. पौर्णिमाबाईंनी खाली टब ठेवला. जंगलूभाऊ वाळू घेऊन तयार राहिले. पुढच्या रांगेतल्यांनी पँटी दुमडल्या, बायकांनी साड्या सावरल्या, सगळे दोन पावलं मागं सरले. बाईंनी दांडा ओढला.

काहीच झालं नाही. वरून थोडी धूळ पडली, आणि धुळीपाठोपाठ एक कोळी उतरून आला.

प्राचार्य समाधानानं उभे राहिले.

"पाह्यलं मॅडम," ते म्हणाले, "आमच्या इथं हा धोकाच ठेवला नाई."

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत पौर्णिमाबाईंनी वहीचं कोरं पान काढून वर तारीख लिहिली होती. आणि कडवे सर कोट काढून, बाह्या सारून, पाइप कुठं बंद आहे ते पाहायला शिडी मागवत होते. शिडी आली. सरांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"सर, थांबा," पौर्णिमाबाई म्हणाल्या. "आधी कोणीतरी शिडी धरा."

कोणी हललं नाही. बाईंनी फक्त एकदा मान वर करून पाहिलं. मग प्राचार्य पुढं आले, खाली वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.